नव्या संगणकाचे मौन आणि निदानाची शिस्त
(सोलापूर येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘घरी जुळवलेला संगणक’ असा विषय पत्रिकेवर छापला आहे, आणि कोणता भाग घ्यावा व किती खर्च करावा याची माहिती मिळेल या अपेक्षेने बरीच तरुण मंडळी पुढे बसलेली दिसतात. परंतु प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम ही नावे ज्यांना अपरिचित असतील त्यांनी शेजारच्या मुलाला विचारून घ्यावे, कारण मला आज एकाच गोष्टीची कैफियत मांडायची आहे. सर्व भाग नवे, सर्व स्क्रू जागच्या जागी, घरची मंडळी भोवती जमलेली, आणि बटण दाबल्यावर पडदा मात्र काळाच राहतो, अशा प्रसंगी मनुष्य पहिली कृती कोणती करतो, यावरून त्याला विचार करण्याचे शिक्षण मिळाले आहे की नाही याची रुजुवात होते. बहुतेक जण तत्काळ काहीतरी नवे आणून लावतात. माझा आग्रह असा की, आधी कमी करावे, आणि एका वेळी एकच फेरफार करावा.

यंत्र जागे होण्याचा क्रम ठरलेला असतो. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच लावला की मदरबोर्डला ५ व्होल्टची राखीव वीज मिळते. पुढचे बटण दाबणे म्हणजे दोन पिनांचा क्षणमात्र संयोग, याहून अधिक काही नाही. त्यानंतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दाब स्थिर झाल्याची ग्वाही एसएमपीएसने दिली म्हणजे प्रोसेसरला कामाची परवानगी मिळते, मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा आरंभीचा प्रोग्राम, रॅमची तपासणी करतो, मग चित्राची व्यवस्था होते, आणि अखेरीस डिस्कवरील विंडोजचा शोध सुरू होतो. पंखाच फिरत नसेल तर तक्रार पहिल्या पायऱ्यांची. पंखा फिरतो पण पडदा कोरा, तर मधल्या. आणि बायोसचे पान दिसत असेल तर आधी डिस्ककडे वळावे. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांवर याच पायऱ्यांचे चार बारीक दिवे असतात, आणि जो दिवा लागून राहतो तो आपल्याला चौकशीचा मुक्काम दाखवतो.

(मागून आवाज : “दुकानात न्या की!” हशा.)

दुकानात जरूर न्यावे. दुकानदारांविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही, आणि त्यांपैकी काही जण सभागृहात हजर आहेत हेही मी जाणतो. (हशा.) परंतु ज्या विद्यार्थ्याने वर्षभर पैसे साठवून हे भाग घेतले, त्याने मदरबोर्डच्या कोपऱ्यातील प्रोसेसरच्या आठ पिनांची वायर राहून गेली एवढ्यासाठी नवा एसएमपीएस का विकत घ्यावा? रॅमची पट्टी एका बाजूने अर्धवट बसलेली असते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसताना, उदाहरणार्थ इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरात, मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावलेली असते. डीडीआर-५ रॅमची पहिली जुळवणी काही मिनिटे चालते तेवढाही धीर न धरता वीज तोडली जाते. प्रोसेसर नवा आणि बायोस जुना, अशीही गाठ पडते. २०१८ मध्ये एएमडी कंपनीने केवळ बायोस अद्ययावत करता यावा म्हणून ग्राहकांना प्रोसेसर उसने पाठवण्याची तजवीज केली होती. या साऱ्यांत भाग निर्दोष, आणि भुर्दंड मात्र ग्राहकाला.

आता आपल्या गावाचा दाखला देतो. अठराशेच्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जकार्ड याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारी जी योजना सिद्ध केली, आणि जिची युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, तिच्याच जोरावर सोलापुरी चादर जगभर गेली. शहराच्या पूर्वभागातील अनुभवी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, चादरीत चूक दिसली म्हणजे हत्यार उचलत नाही, तो प्रथम कापड न्याहाळतो. नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच आडव्या ओळीवर चूक परत येत असेल, तर ती पुठ्ठ्यात आहे. एका जागी उभी रेघ कापडभर चालली असेल, तर ताण्याच्या त्या दोऱ्यात किंवा तो उचलणाऱ्या हूकमध्ये आहे. मागाला हात लावण्यापूर्वी अर्धा माग त्याने निर्दोष ठरवलेला असतो! आणि ही विद्या ज्यांच्या घरात आहे त्यांचीच मुले संगणक बंद पडला की हवालदिल होतात, कारण घरची ती रीत शाळेच्या पुस्तकात कोणी लिहिलीच नाही. पूर्वभागातील या ज्ञानावर खरे तर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावे, त्यात चादरीबरोबर टॉवेलाचाही... अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा मुद्द्यावर येतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो संगणक स्वतः बांधला, त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक होते. एवढा पसारा त्यांनी एकदम उभा केला नाही. आधी लहान प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालवून दाखवले, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. लहानात सिद्ध करावे आणि मग वाढवावे, हाच क्रम घरच्या मेजावरही लागू आहे. वीज तोडून मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढावा, त्याच्याच खोक्यावर ठेवावा, आणि प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी, एसएमपीएस व चित्रापुरती व्यवस्था एवढ्यावरच चालवून पाहावा. चालला, तर दोष बाहेर ठेवलेल्या गोष्टींत आहे, कदाचित कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली चुकीच्या जागी राहिलेल्या एखाद्या पितळी खुंटीत. मग एकेक भाग परत जोडीत जावे. एसएमपीएस मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब शिल्लक असू शकतो.

घंटा झाली. शेवटची विनंती शिक्षकांना. प्रत्येक शाळेच्या संगणककक्षात एक जुने, उघडे यंत्र असावे. शिक्षकाने त्यातील एक जोडणी गुपचूप सैल करावी, आणि मुलांनी हात लावण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहाव्यात : मला कशाचा संशय आहे, आणि तो खोटा ठरला तर काय दिसेल. ज्या मुलाला या दोन ओळी लिहिता येतील, तो उद्या विजेच्या बिलाविषयी, औषधाविषयी, किंवा गावात उठलेल्या अफवेविषयीही त्याच रीतीने प्रश्न विचारील. येत्या जूनमध्ये जी शाळा हा प्रयोग सुरू करील, तिला जुने यंत्र आणि माझी शनिवारची दुपार देण्यास मी तयार आहे; मुख्याध्यापकांनी आजच, खाली उतरल्यावर, मला भेटावे.