घरी लेकरू आजारी, शाळेत चूल



रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या मायबहिणींनो,
शाळेत पोषण आहार शिजवायचं काम अर्धवेळ असतं.
पण चूल ठरल्या वेळीच पेटवावी लागते.

आणि घरी लेकरू गंभीर आजारी असलं तर?
जीव दोन्हीकडे ओढतो.

म्हणून बदली बाई आधीच ठरवून ठेवा.
दवाखान्याची तारीख मुख्याध्यापकांना आधीच सांगा.
औषधाच्या वेळा कागदावर लिहा.
तो कागद घरच्यांच्या हाती द्या.

बापानंही कामावरून सुट्टी काढावी.
हा भार एकट्या आईचा नाही, असं मी ठामपणे म्हणते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे.
त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं.
१८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतं.
पुढच्या उपचाराचा रस्ता त्यांनाच विचारा.

पुन्हा सांगते,
बदली बाई आधीच ठरवा.

आणि लेकराला अचानक जास्त झालं,
तर लगेच १०८ ला फोन करा.