भुतांचा सण आणि वस्तीचा पहारा



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून भुतांच्या सणाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने शिकवले. अमेरिकेतील डेट्रॉईट शहराचे नाव आम्ही त्या कपाटातल्या पुस्तकांतच प्रथम वाचले, ते मोटार कामगारांचे शहर म्हणून. पुढे आमच्या एका जुन्या सोबत्याची मुलगी लग्न होऊन त्या बाजूला गेली आणि तिच्या पत्रांतून तिकडच्या हॅलोवीन नावाच्या सणाची ओळख झाली. मग आमच्या सवयीप्रमाणे आम्ही त्याचा पिच्छा पुरवला.

सण 31 ऑक्टोबरच्या रात्रीचा. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा दिवस आणि 2 नोव्हेंबरला मृतांचे स्मरण. आपल्या वसईची आणि गोव्याची ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, ते आपण पाहिले असेल. आयर्लंडमधून पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या लोकांनी या रात्रीच्या चालीरीती बरोबर नेल्या. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत त्याची जागा भोपळ्याने घेतली. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार फिरतात आणि खाऊ मागतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, अशी गोड धमकी असते. होळीसाठी लाकडे न देणाऱ्याच्या अंगणातली खुर्ची पळवणाऱ्या आपल्या पोरांना हे काही शिकवायला नको!

आता या सणात भीती कसली? अमेरिकेतल्या आईबापांना कित्येक वर्षे एकच धास्ती होती: अनोळखी माणूस मुलाच्या पिशवीत विषारी गोळी टाकील, सफरचंदात पाते खुपसून देईल. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचे एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेले आढळले नाही. 1974 साली टेक्सासमध्ये एक मुलगा विषाने मेला हे खरे. पण ते विष विम्याच्या पैशासाठी त्याच्या जन्मदात्या बापानेच दिले होते. आपल्याकडे म्हणतात ना, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

खरा राक्षस रस्त्यावर होता. 1975 ते 2016 या 42 वर्षांतल्या अपघातांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींशी तुलना करता या सणाच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका 43 टक्क्यांनी अधिक, आणि 4 ते 8 वर्षांच्या मुलांना तो दहापट, असे त्यात आढळले. लोक अनोळखी शेजाऱ्यावर डोळा ठेवून होते, आणि मुले मोटारीखाली येत होती.

हे वाचताना आम्हाला आमचा पहिला कारखाना आठवला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘सावधपणे काम करा’. आणि पाटीखालच्या पॉवर प्रेसला गार्ड नव्हता. आमच्या शेजारच्या माणसाची दोन बोटे गेली, तेव्हा चौकशीत त्याचा निष्काळजीपणा नोंदवला गेला. आम्ही मागणी केली ती एवढीच, की दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. वर्षभर भांडून ती मिळाली. त्यानंतर त्या प्रेसवर बोट गेले नाही. माणसे तीच, झोप तितकीच अपुरी. म्हणून मुलाला ‘जपून जा’ सांगणे पुरेसे आहे, असे आम्ही मानीत नाही. न्यूयॉर्क शहराने 2022 पासून या सणात काही रस्ते मोटारींना बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. हा झाला प्रेसला बसवलेला गार्ड.

आता डेट्रॉईटकडे वळू. 1950 साली त्या शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या आसपास होती. 2010 साली ती सव्वासात लाखांच्याही खाली गेली. कारखाने हलले, माणसे हलली, घरे ओस पडली. सणाच्या आदल्या रात्री पोरांनी खोड्या काढायच्या, ही तिथली जुनी रीत. ओसाड गल्ल्यांत त्या खोड्यांच्या आगी झाल्या. 1984 साली त्या दोन-तीन रात्रींत 800 हून अधिक आगी लागल्या. पोलीस होते, संचारबंदीही झाली. पण 1994 साली पुन्हा आगी भडकल्या, तेव्हा महापौर डेनिस आर्चर यांनी नागरिकांना हाक दिली. 1995 पासून त्या रात्रींना ‘देवदूतांची रात्र’ म्हणू लागले. लोकांनी नावे नोंदवली, मोटारींवर पिवळे दिवे लावले, आणि आपल्याच गल्लीतल्या रिकाम्या घरांवर पहारा केला. काही वर्षी स्वयंसेवकांचा आकडा 50 हजारांपर्यंत गेला. आगी उतरल्या. 2018 पासून शहराने तो पहारा थांबवला आणि त्या जागी वस्तीवस्तीतून मुलांसाठी सणाचे कार्यक्रम सुरू केले.

बंधुभगिनींनो, ज्या पोरांची लोकांना धास्ती, त्यांच्याच आया, काका आणि शेजारी त्या पहाऱ्यावर होते. संपाच्या काळात गेटवर उभे राहिलेल्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही.

पण पहारा झाला म्हणजे सण सर्वांचा झाला असे नाही. अमेरिकेत सुमारे 13 मुलांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाचे वावडे असते. शेंगदाण्याचा एक कण कुणाच्या जिवावर बेततो. असे मूल दारोदार फिरले तरी घरी येऊन पिशवी रिकामी करावी लागते. टेनेसी राज्यातल्या अशा मुलांच्या पालकांनी 2012 साली साधी युक्ती काढली: ज्या घरी खाऊखेरीज पेन्सिल, चिकटचित्रे, छोटी खेळणीही मिळतील, त्या घराने दारात निळसर हिरवा भोपळा ठेवायचा. 2014 पासून ती देशभर पसरली. त्या मुलाला कुठेही आपले दुखणे सांगून भीक मागावी लागत नाही. भोपळा पाहून ते इतरांसारखे दार वाजवते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी कुणी पायऱ्या उतरून अंगणात टेबल मांडून बसले, तर तोही त्यातलाच प्रकार. आम्ही याला दया म्हणत नाही, त्या मुलाचा हक्क म्हणतो.

आणि जिथे जबाबदारी कुणाचीच नसते तिथे काय होते? 29 ऑक्टोबर 2022. दक्षिण कोरियाची राजधानी सोल, इटेवॉन नावाचा भाग. सणासाठी तरुणांची गर्दी लोटली. अवघ्या तीन-साडेतीन मीटर रुंदीच्या उताराच्या बोळात 159 माणसे चेंगरून, गुदमरून मेली. पहिला धोक्याचा फोन संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी आला होता. प्रलय झाला रात्री सव्वादहाच्या सुमारास. या उत्सवाला कुणी आयोजक नव्हता, म्हणून गर्दीची योजनाही कुणाची नव्हती, असे नंतर सांगण्यात आले. आम्हाला मुंबईचा एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवला. 29 सप्टेंबर 2017 रोजी त्या अरुंद जिन्यावर 23 जीव गेले. तिथे तर उत्सवही नव्हता, माणसे नुसती कामावर निघाली होती.

हल्ली आपल्या शहरांतल्या सोसायट्यांतूनही मुले भोपळ्याचे मुखवटे घालतात. परक्यांचा सण म्हणून काहींना राग येतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. सण कुणाचाही असो, आपल्या गणपतीच्या मांडवात, दहीहंडीच्या चौकात, होळीच्या पटांगणात उतरण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत: वाहने कोण अडवणार? बाहेर पडायची वाट किती रुंद? गर्दी वाढली तर कुणी कुणाला कळवायचे? आणि आपल्या गल्लीतले कोणते मूल दरवर्षी खिडकीतूनच सण पाहते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मंडळाच्या वहीत लिहून ठेवा, आणि यंदा त्या मुलाच्या दारी आपण होऊन जा.