सर, रीत लिहिली आहे
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



पालघर सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेले, म्हणजे नेमकं काय करते, असं मला इथे सगळेच विचारतात. मी पाइपातून वाहणाऱ्या द्रवाचं गणित कॉम्प्युटरवर मांडते. तारापूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आपल्या मित्रांना पंपांचं वीजबिल चांगलंच माहीत आहे.

द्रव जोरात वाहिला की भोवरे उठतात आणि पंपाची बरीच ताकद त्यांतच जाते. १९४८ साली टॉम्स या संशोधकानं दाखवलं, की द्रवात अगदी थोडं पॉलिमर विरघळवलं तर घर्षण खूप कमी होतं. दहा लाख भागांत काही भागही पुरतात. अलास्काच्या तेलवाहिनीत १९७९ पासून हा उपाय वापरात आला. आपल्या गवारीच्या बियांचा डिंकही हेच काम करतो.

पॉलिमरचा रेणू म्हणजे गुंडाळलेला लांब धागा. भोवरा त्याला ताणतो आणि त्यात भोवऱ्याचीच ताकद खर्च होते. सगळे धागे एकेक मोजणं अशक्य. म्हणून दोन मणी आणि मध्ये स्प्रिंग अशी कल्पना करून ठिकठिकाणी त्यांच्या लांबीच्या वर्गाची सरासरी काढतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या प्रोग्रॅममध्ये हा वर्ग ऋण आला! डेडलाइन जवळ होती. मी समीकरणात ताण आजूबाजूला पसरवणारं एक जादा पद घातलं. आलेख गुळगुळीत झाला, कौतुकही झालं. पण धागे जिथे एकदम ताणले जातात, तिथेच तर सगळी गंमत असते आणि मी नेमकं तेच पुसून टाकलं होतं. त्या रात्री वहीवरचा आपल्या गणिताच्या सरांचा लाल शेरा आठवला: ‘उत्तर आहे, रीत कुठे?’

सकाळी वरिष्ठांना खरं सांगितलं. बोलणी खाल्ली, काम लांबलं. शेवटी उपाय सापडला तो २००४ साली फत्ताल आणि कुप्फरमान यांनी सुचवलेला: त्या राशीऐवजी तिचा लॉग मोजायचा. लॉग ऋण आला तरी मूळ संख्या धनच राहते. अकरावीत ज्या लॉग टेबलांना आपण कंटाळायचो, तीच कामी आली.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. या वेळी रीत लिहिली आहे. तपासून घ्या.