बोलण्याची पाळी कोण ठरवणार?



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे रात्रशाळेत व वाचनालयात झाले. कामगार चळवळीतल्या माणसाने बिनतारी संदेशांवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु प्रश्न आमच्या ओळखीचाच आहे : वाट एक, बोलणारे अनेक आणि पाळी लावणारा मुकादम नाही. अशा वेळी काम होते तरी किती?

हवाई बेटांवर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील विद्यापीठाचे मोठे गणकयंत्र ओआहू बेटावर आणि शाखा निरनिराळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग व बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींवर ‘अलोहा’ नावाचे जाळे सुरू केले. प्रत्येक ठाण्याला ठरावीक वेळ वाटून देता आला असता. पण यंत्रापुढे बसलेला माणूस बराच वेळ विचार करतो आणि एखादी ओळ धाडतो. राखीव वेळ रिकामाच जायचा. म्हणून नियम केला की, निरोप तयार झाला की धाडावा. पोच आली नाही तर टक्कर झाली असे धरून थांबावे व पुन्हा धाडावा. किती थांबावे हे प्रत्येकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवायचे. दोघे सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच.

आता हिशेब पाहू. एक निरोप जायला एक क्षण लागतो असे धरा. तो सुखरूप पोचायचा तर त्याच्या सुरुवातीच्या आधी एक क्षण आणि नंतर एक क्षण दुसऱ्या कोणी तोंड उघडता कामा नये. म्हणजे एका क्षणाच्या कामासाठी दोन क्षणांची शांतता! निरोप पावसाच्या थेंबांसारखे, एकमेकांना न विचारता पडतात असे मानले की गणित सांगते : दर दोन क्षणांत सरासरी एक प्रयत्न होतो तेव्हा सर्वांत जास्त निरोप पोचतात, आणि तेही वाटेच्या शक्तीच्या केवळ १८.४ टक्के. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९७२ साली सुचवले की, सर्वांनी घड्याळाच्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात करावी. अर्धवट टकरी त्यामुळे संपल्या आणि मर्यादा दुप्पट, ३६.८ टक्के झाली. नुसत्या भोंग्याने एवढे साधले. मुकादम नेमावा लागला नाही.

पण गर्दी वाढली तर? पहिल्या, बिनभोंग्याच्या रीतीत क्षणाला सरासरी दोन प्रयत्न होऊ लागले की पोचणारा माल चार टक्क्यांच्याही खाली येतो. सगळे राबतात आणि पोचत जवळजवळ काहीच नाही. शिवाय अडलेले निरोप परत येऊन गर्दीत भर घालतात. पहिल्या सोप्या हिशेबात हे पुरते दिसत नव्हते. म्हणून आजचे वायफाय आधी कानोसा घेते, आणि टक्कर झाली की थांबण्याची कमाल मुदत, एका हद्दीपर्यंत, दुप्पट करत जाते.

मला खटकतो तो ‘सरासरी’ हा शब्द. पगाराच्या वाटाघाटींत तो आम्ही फार ऐकला आहे. दोन निरोप एकदम आले आणि त्यांतला एक जवळचा, जोरदार असला, तर ऐकणारे यंत्र बहुधा त्यालाच उचलते. दूरचा क्षीण आवाज बुडतो. एकूण आकडा सुधारतो, कारण जेथे दोन्ही बुडायचे तेथे एक तरी वाचला. दूरचे ठाणे मात्र पुन्हापुन्हा थांबते, आणि त्या आकड्यात ते थांबणे कोठेच लिहिलेले नसते. कोण किती थांबला याची वेगळी वही ठेवलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

आपल्या खिशातला मोबाईलही टॉवरशी पहिली गाठ अशीच, गर्दीत शिरून घालतो. पुढची पाळी टॉवर लावतो. भूकंपासारख्या वेळी सगळेच फोन लावतात आणि त्या पहिल्या दारातच चेंगराचेंगरी होते. त्यासाठी सामान्य ग्राहकाच्या सिमकार्डाला ० ते ९ पैकी एक वर्ग दिलेला असतो, आणि टॉवर काही वर्गांना काही काळ दार बंद करू शकतो. ११ ते १५ हे वर्ग सुरक्षा, तातडीच्या सेवा, कंपनीचे नोकर अशांसाठी राखलेले. मुकादम परत आला तो असा. कोणत्या वर्गाला किती वेळ बाहेर उभे ठेवायचे, हे आता जाळे चालवणारा ठरवतो. आणि आपला वर्ग कोणता, हे दाराबाहेरच्या बहुतेकांना ठाऊकही नसते.