अर्ज न करणाऱ्या गुणवंतांचा शोध



वडोदऱ्याच्या मांडवी भागातील घडियाळी पोळ हे जुन्या नगररचनेचे एक उदाहरण होय. पोळ म्हणजे भिंतीला भिंत लावून वसलेली घरे व परस्परांना ओळखणारी माणसे. कोणाचा हात कोणत्या कामात बसला आहे, हे अशा वस्तीत ओट्यावरच कळते. उत्तम कारागीर स्वतः काम मागत फिरत नाही. त्याच्याकडे कामच चालून येते.

हे तत्त्व राज्यकारभारात कसे उतरते, ते याच नगरीने पाहिले आहे. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तकपुत्राचा शोध घेतला व नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव निवडले गेले. तेच महाराजा सयाजीराव गायकवाड होत. शोधून आणलेल्या या राजाने पुढे स्वतःही माणसे शोधून आणली. सनदी सेवेतून निवृत्त होऊन लेखनात रमलेले रमेशचंद्र दत्त १९०४ साली बडोद्याच्या सेवेत आले. १९१० साली अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील ग्रंथालये पाहिली आणि न्यू हेवन येथे ग्रंथपाल असलेल्या विल्यम बोर्डन यांस पाचारण केले. बोर्डन १९१३ पर्यंतच येथे होते. परंतु तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. एका योग्य माणसाच्या निवडीचे फळ असे दूरवर पोहोचले.

आज ओट्याची जागा काही अंशी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या संकेतस्थळांवर लाखो लोक आपले शिक्षण व अनुभव मांडतात, व्यवसायातील प्रश्नांवर चर्चा करतात. त्यांतील अनेक जण नोकरीच्या शोधात नसतात. अशा व्यक्तीची पारख तिच्या पदवीपेक्षा तिने दिलेल्या उत्तरांवरून अधिक होते. तिला पत्र लिहावयाचे तर ते तिच्या कामाचा नेमका उल्लेख करून, पद व वेतन स्पष्ट सांगून लिहावे. आणि तिच्या सध्याच्या मालकास त्याचा सुगावा लागू देऊ नये. नकार आल्यास तो आदराने स्वीकारावा.

तथापि दोन गोष्टींचे भान आवश्यक आहे. शासकीय पदांच्या बाबतीत संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सर्वांस समान संधी दिली आहे. म्हणून शोध घेऊन गुणवंतांस अर्ज करण्यास प्रवृत्त करावे; निवड मात्र जाहीर स्पर्धेतूनच व्हावी. दुसरे असे की, पडद्यावर नाव नाही म्हणून गुण नाही, असे समजू नये. खेड्यातील कुशल गवंडी, निष्ठावान शिक्षिका, अनुभवी परिचारिका यांचा पत्ता आजही गावातच विचारावा लागतो.

ग्रामस्थांनी एवढे लक्षात ठेवावे, की घरबसल्या नोकरीचे बोलावणे आले आणि त्यासाठी आधी पैसे मागितले गेले, तर तेथे फसवणूक आहे असे समजून दूर राहावे. खरा गुणग्राहक उमेदवाराचे काम पाहतो, त्याची थैली पाहत नाही.

शिक्षक व अधिकारी यांनी आपापल्या परिसरातील अशा अबोल गुणवंतांची माहिती करून घ्यावी. पद रिकामे झाल्यावर शोध सुरू करणाऱ्यास वेळ अपुरा पडतो; माणसे आधीपासून ओळखणाऱ्यास तो पुरतो.