रक्ताचा झरा आणि एक वैद्य



आपल्या मांडूच्या गडावर नदी नाही. मुंज आणि कपूर तलावांत पावसाचे पाणी साठवून या नगरीने आपली तहान भागविली. शरीराला मात्र रक्ताचा अखंड झरा लाभला आहे. तो हाडांतील मज्जेत असतो. हा झराच अपक्व, निरुपयोगी श्वेतपेशींनी भरून गेला, म्हणजे तीव्र रक्तकर्करोग होतो.

या रोगाशी झुंजलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे. १९४७ साली कराचीत त्यांचा जन्म झाला. बालपणीच पोलिओने पाय गेले. अपंगत्वामुळे वैद्यकीय प्रवेशही प्रथम नाकारला गेला. चिकाटीने तो मिळवून ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. पुढे अमेरिकेत सिएटल येथे डॉ. डॉनल टॉमस यांच्याकडे त्यांनी मज्जारोपणाची विद्या संपादन केली. याच विद्येसाठी टॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात अडवाणींनी भारतातील पहिले यशस्वी मज्जारोपण केले. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी. मज्जा तिच्या भावाची.

मज्जारोपणाने केवळ नवा झरा मिळतो असे नव्हे. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी उरलेल्या कर्कपेशींना हुडकून मारतात. प्रसंगी रुग्णाच्या निरोगी अवयवांवरही उलटतात. म्हणून रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, कर्कपेशींची खूण ओळखावयास त्यांना शिकवावे, असा मार्ग पुढील संशोधकांनी काढला. हीच कार-टी उपचारपद्धती. अमेरिकेत तिला २०१७ साली मान्यता मिळाली. मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने घडविलेल्या स्वदेशी उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली; त्याचा खर्च परदेशाच्या मानाने पुष्कळ कमी आहे.

मित्रहो, 'उपचार आहे' आणि 'उपचार मिळतो' या दोन वाक्यांमधील अंतर फार मोठे असते. सिएटलचा प्रवास किती कुटुंबांना परवडला असता? अडवाणींनी विद्या इकडे आणली. एवढ्यावरच न थांबता, बालकांच्या रक्तकर्करोगासाठी आपल्या रुग्णालयांना झेपेल अशी औषधयोजना अमेरिकन तज्ज्ञांच्या सहकार्याने राबविली. पुढच्या पिढीने तोच विचार कार-टीपर्यंत नेला.

हा तरुण उभा राहू शकेल काय, एवढाच प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारला गेला. तो रुग्णांना उभे करू शकेल काय, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. उद्या आपण अधिकाराच्या जागी बसाल, तेव्हा योग्य तो प्रश्न विचारा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.