तिसरी पिन
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल." एआयवर बोलणारे आपल्या बॅचमध्ये पाच-सहाजण तरी आहेत, त्यातला एक तर वकील आहे. म्हणून मी आज आमच्या घरातल्या एका गिटार अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक मोठी चूक आहे आणि ती मला विज्ञानाच्या सरांसमोर कबूल करायची आहे. सर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणजे सुटका नाही.

आधी आपलं शाळेचं गॅदरिंग आठवा. नाटकाचा पडदा उघडायची वेळ आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. सगळे एकदम सल्ले द्यायचे. कोणी म्हणायचं माइक खराब, कोणी म्हणायचं स्पीकर फाटला. सर काही न बोलता अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे जायचे आणि एकेका माइकची वायर काढायचे. पहिली काढली, आवाज चालू. दुसरी काढली, चालू. तिसरी काढली की बंद. मी वायरी धरायला उभी असायची. सर म्हणायचे, "कुठून येतोय याचा अंदाज करत बसू नकोस. कुठे थांबतो ते बघ."

हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऑफिसात माझं स्वतःचं म्हणून खपवते आहे. आणि नेमकी घरी विसरले.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला गिटारचं वेड लागलं. तिने हट्टाने एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला लावला. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचे तेच, काचेचे, आत लालसर तार पेटणारे. हा छोटा, पाच वॉटचा. त्यात दोनच व्हॉल्व्ह: पहिला गिटारचा बारीक सिग्नल वाढवतो, दुसरा स्पीकर हलवतो. आवाज इतका गोड की मलाही पटलं. पण मागे सतत घूंऽऽ. लॅपटॉप जोडून रेकॉर्डिंग करायला गेलं की ती दुप्पट.

एका जाणकाराने उपाय सांगितला: थ्री-पिनच्या जागी टू-पिनचा कन्व्हर्टर लावा. लावला. बरीचशी घूं गेली. लेक खूश, मी त्याहून खूश. इंजिनिअर आईची घरात किंमत वाढली.

मग जुलै आला. एका संध्याकाळी ती खिडकीपाशी अनवाणी उभी राहून वाजवत होती. लॅपटॉप त्या दिवशी जोडलेला नव्हता. पावसाने ओल्या झालेल्या ग्रिलला तिचा हात लागला आणि ती ओरडली, "आई, तारा चावतायत!" हातभर मुंग्या आल्या होत्या. तेवढ्यावर निभावलं.

काय झालं होतं, ते सरांना आत्ताच कळलं असेल. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर झिरपतोच. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. मी ती वाट काढून टाकली होती, म्हणून त्याने माझ्या मुलीच्या हातातून वाट काढली. आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली असती, तर मुंग्यांऐवजी पूर्ण २३० व्होल्ट असते. तिसरी पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हे सरांनी आपल्याला नववीत शिकवलं होतं: प्लग लावताना तिने आधी टेकावं आणि काढताना शेवटी सुटावं. परीक्षेत मला त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते.

कन्व्हर्टर त्याच रात्री कचऱ्यात गेला आणि घूं परत आली. मग मी सरांच्या पद्धतीने बसले.

पहिलं, लॅपटॉपची केबल काढली. आवाज निम्मा झाला. म्हणजे तो अर्धा भाग लूपचा होता. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटला, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जाणारं आणि मध्ये केबलने जोडलेलं. त्या वेटोळ्यात फिरणारा प्रवाह ऐकू येत होता. वेटोळं तोडायला हवंच होतं, मी ते चुकीच्या जागी तोडलं होतं. आता दोन्ही एकाच बोर्डावर लावतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवतो. तो भाग संपला.

दुसरं, उरलेली घूं. गिटार काढली, चालू. व्हॉल्यूम शून्यावर, चालू. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, थंड होऊ दिला, पहिला व्हॉल्व्ह काढून पुन्हा सुरू केला. तरीही चालू. म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतचं सगळं निर्दोष. दोष त्याच्या पुढे किंवा वीजपुरवठ्यात.

तिसरं, त्या आवाजाची पट्टी. लेकीने मोबाइलवरचा ट्यूनर समोर धरला. तो 'जी' दाखवत होता, किंचित चढा, म्हणजे १०० हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची. लूपमधून किंवा व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांमधून येणारी घूं मुख्यतः ५० ची असते. एसीचं डीसी करताना दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या की लहर १०० ची होते. ती लहर सपाट करायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकला की लहर सरळ स्पीकरपर्यंत पोचते. एवढा पुरावा पुरेसा होता.

पुढचं काम मी केलं नाही. एवढ्याशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आतही तीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवू शकतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ एक काका जुने रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, एक हात पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा केला, मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री केली आणि मगच आत हात घातला. कंडेन्सर बदलला. मग अ‍ॅम्प्लिफायर चालू करून लाकडी काडीने पहिल्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण असा आवाज आला. "हापण गेला," काका म्हणाले, "आतले भाग सैल झालेत." तोही बदलला. जाता जाता त्यांनी माझ्या प्लगकडे बघून विचारलं, "तिसरी पिन आहे ना जागेवर?" मी फक्त मान हलवली.

आता अ‍ॅम्प्लिफायर शांत आहे. अगदी कान लावला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो, तेवढा व्हॉल्व्हचा हक्कच आहे.

सर, तुमची विद्यार्थिनी म्हणून मला शरम वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आवाज थांबला आणि मी 'का थांबला' हे विचारलंच नाही. ऑफिसात कोणी धोक्याची सूचना बंद करून 'बग गेला' म्हणालं तर मी त्याला चांगलं सुनावते. घरी मी तेच केलं, तेही मुलीच्या हातात तारा असताना.

शेवटी एक गृहपाठ. उद्या घरी गेलात की गीझर, फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे प्लग बघा. कुठे टू-पिनचा कन्व्हर्टर दिसला तर काढून टाका. सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच येतंय का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मुख्य बोर्डावर गळती प्रवाहाला ट्रिप होणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्या. पुढच्या वर्षी भेटू तेव्हा सर वही तपासणार आहेत.